जुने 30-40 एचपीचे ट्रॅक्टर: काळ्या वावरात एकरी डिझेल किती?

ताशी तीन लिटर. जुना ट्रॅक्टर विकायला काढलेला कोणीही हाच आकडा सांगतो. आकडा खोटा नसतो, पण तीन लिटर कोणत्या कामाला, हे त्यात येत नाही. सोयाबीनच्या पेरणीत किंवा संत्र्याच्या बागेत फवारा चालवताना 35 एचपीचं इंजिन तीन लिटरांत तास काढतं. तेच इंजिन एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या वावरात पलटी नांगराला लावलं की साडेचार-पाचावर जातं, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

साधा हिशोब मांडून पाहा. जुनं डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन चांगल्या स्थितीत, चांगल्या लोडवर, एका एचपीमागे तासाला साधारण 180 ते 200 ग्रॅम डिझेल घेतं. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे 830 ग्रॅम. म्हणजे नांगराला खरोखर 20 एचपी लागत असतील तर ताशी चार लिटरांच्या खाली येणं शक्यच नाही, मग बॉनेटवर नाव कोणाचंही असो. म्हणून ताशी डिझेल विचारू नका, एकरी विचारा.

दोन फाळी, 12 इंची पलटी नांगर एका फेरीत 60 सेंटीमीटर पट्टा काढतो. ताशी 4 किलोमीटर वेग आणि वळणांत पाव वेळ गेला असं धरलं, तर एकराला सव्वादोन तास लागतात. साडेचार लिटरच्या दराने दहा लिटर. नऊ दाती कल्टिव्हेटर दोन मीटरचा पट्टा घेऊन ताशी 5 किलोमीटरने जातो, एकर अर्ध्या तासात होतो आणि डिझेल दोन-सव्वादोन लिटर. पाच फुटी रोटाव्हेटर ताशी 3 किलोमीटरने चालवला तर एकराला साडेपाच ते सहा लिटर. तुमचा आकडा याच्या जवळपास असेल तर ट्रॅक्टर ठीक आहे. दीडपट असेल तर ट्रॅक्टर बदलायच्या आधी पुढचं तपासा.

पहिलं टायर. डिझेल वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच, आणि इंजिन खोलून बसलेल्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. मागच्या चाकाला खडूने खूण करा. अवजार उचलून त्याच वावरात चाकाचे दहा फेरे मोजा, किती मीटर गेलं ते लिहा. मग अवजार लावून तेच करा. रिकाम्याने 39 मीटर आणि लोडवर 33 मीटर भरले तर स्लिप, म्हणजे चाकाचं घसरणं, 15 टक्के. नांगरटीत 10 ते 15 टक्के स्लिप योग्य. 20 च्या वर गेली की चाक माती उगाळत बसतं. 5 च्या खाली असेल तर ट्रॅक्टरवर वजन जास्त आहे, तेही डिझेल खातं. स्लिप जास्त असेल तर मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरा: व्हॉल्व वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, साधं पाणी चालतं. हवा वावरात 12 ते 14 पीएसआय, भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर जायचं तर 18 ते 20. बहुतेक ठिकाणी ट्रॉलीचीच हवा नांगरटीलाही राहते. टायर कडक राहतं, जमिनीला कमी टेकतं आणि घसरतं. कान झिजलेल्या टायरवर पाणी भरूनही फारसा फरक पडत नाही, तिथे टायरच बदलावं लागतं.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, हा दुसरा भाग, आणि तो ट्रॅक्टरमध्ये नसतो. कापसाची पऱ्हाटी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल थोडी शिल्लक असते. त्या वेळी नांगरलं तर नांगराची सरी सरळ पडते. मे महिन्यात तीच जमीन विटेसारखी होते, ढेकळं निघतात आणि ती फोडायला रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या जास्त लागतात. ते डिझेलही नांगरटीच्याच खात्यात धरायला हवं. पावसानंतर ओल्या काळ्या मातीत घाई केली तर माती फाळाला चिकटते आणि चाकं जागेवर फिरतात.

आता इंजिन. धुराचा रंग बघा. लोडवर हलका करडा धूर चालतो. सतत काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवा तपासा, कारण ती फुकट आहे. ऑइल बाथ एअर क्लिनरच्या वाटीत मार्चनंतरच्या धुळीत गाळ फार लवकर बसतो. मळणीच्या आणि वखरणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहावी, तेल खुणेपर्यंतच भरावं. खुणेच्या वर भरलं तर तेल इंजिनात ओढलं जातं. क्लिनर साफ असूनही धूर काळाच राहिला तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, बघा. टपकणारा नोझल फवारा न करता थेंब सोडतो, ते डिझेल पुरतं जळत नाही. नोझल टेस्टरवर दाब आणि फवारा पाहून मगच बदला. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो सोडतो ते डिझेल मापून ठीक करणं, त्यानंतर. उलट क्रमाने केलं की खर्च होतो आणि धूर तसाच राहतो. 'ताकद कमी पडते' म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेऊ नका. ताकद थोडी वाढते, एकरी डिझेल त्याहून जास्त वाढतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर बघावे लागतात. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर कम्प्रेशन किंवा टायमिंग.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी रोखणाऱ्या झडपेबद्दल, मुद्दाम सांगायला हवं. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून विदर्भात अनेक जुन्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या वावरात तेच इंजिन तासभर चालूनही नीट गरम होत नाही. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, बोअरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं सोयाबीनचं कुटार किंवा ढिला फॅन बेल्ट असतो. जाळी आतून बाहेर फुंका, थर्मोस्टॅट परत बसवा. जुन्या एअर-कूल्ड आयशरला रेडिएटर नाही, पण सिलिंडरवरच्या पात्यांमध्ये हेच कुटार बसतं आणि परिणाम तोच होतो.

गळती मोजून पाहा. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला अंदाजे 180 मिली, रात्रभर उभ्या ट्रॅक्टरखाली दोन लिटर. नोझलच्या रिटर्न पाईपचे सांधे आणि बोल्टांखालची तांब्याची वायसरं इथेच बहुतेक गळती सापडते. वायसर एकदा काढलं की पुन्हा तेच लावू नये. ब्रेक चिकटून राहत असतील तर ट्रॅक्टर सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहा, लगेच कळतं.

गिअरचा नियम सोपा आहे: हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी आरपीएम. पेरणी, वखरणी, रिकामी ट्रॉली यांना पूर्ण रेस लागत नाही. धूर काळा झाला किंवा इंजिन गुरगुरलं की एक गिअर खाली या. थ्रेशरला मात्र हे लागू नाही. तिथे पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला 540 फेरे हवेतच. रेस कमी केली की दाणे कुटारात जातात, आणि वाचलेल्या डिझेलपेक्षा गेलेलं सोयाबीन महाग पडतं.

ट्रॅक्टरनिहाय मत असं. महिंद्रा 265 डीआय (30 एचपी, 3 सिलिंडर, 2048 सीसी) पेरणी, कल्टिव्हेटर आणि ट्रॉलीला एकरी चांगला पडतो. भारी जमिनीत त्याला पाच फुटी रोटाव्हेटर लावणं म्हणजे दिवसभर काळा धूर, चार फुटी लावा. मॅसी 1035 डीआय (36 एचपी, 2400 सीसी) वाहतुकीला आणि मध्यम कामाला उत्तम; भारी नांगरटीत चाकातलं पाणी त्याला लागतंच. स्वराज 735 एफई (2734 सीसी, 1800 आरपीएमवर पूर्ण ताकद) कमी फेऱ्यांवर ओढतो, पाच फुटी रोटाव्हेटरला या तिघांत तोच बरा. एक सिलिंडरचा 25 एचपीचा आयशर फवारणी-पेरणीला सगळ्यात कमी पितो, पण त्याच्याकडून पलटी नांगराची अपेक्षा करू नये. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात केजव्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून चिखलणीला हलका ट्रॅक्टरच बरा, जड यंत्र बांधीत रुततं.

तुमच्या मॉडेलचे मूळ आकडे पाहायचे असतील तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे अहवाल बघा. वेगवेगळ्या लोडवरचं डिझेल त्यात दिलेलं असतं. स्वतः मोजायचं तर सपाट जागी टाकी गळ्यापर्यंत भरा, मोजलेला एक एकर पूर्ण करा, ट्रॅक्टर त्याच जागी त्याच दिशेने उभा करून मापाच्या कॅनने पुन्हा गळ्यापर्यंत भरा. आवर मीटरवर विसंबू नका, जुन्या ट्रॅक्टरचा तो बंद तरी असतो नाहीतर बदललेला.

विकत घ्यायला गेलात तर इंजिन थंड असताना पोहोचा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. चालू इंजिनाची ऑइल भरायची टोपी काढा. तिथून जोरात धूर फेकत असेल तर बोअरचं काम आलं, ती रक्कम किमतीतून वजा करा. आठ-दहा एकर वावर असेल आणि 265 किंवा 1035 बोअर शाबूत मिळत असेल तर घ्यावा. वर्षातून एकदाची खोल नांगरटी 45-50 एचपीवाल्याकडून भाड्याने करून घ्यावी, कारण ते एक काम सोडलं तर बाकी वर्षभर मोठं इंजिन अर्ध्या लोडवर डिझेल जाळत राहील.