अंगणाच्या रेझिन पेबल कामात 95 टक्के पैसे गेले, तुम्ही तरी सावध व्हा

लिहायला लाज वाटतेय पण लिहितो. बारीक खडे रेझिनमध्ये, म्हणजे सुकून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, कालवून अंगणावर थर द्यायचा, असं हे काम. एका ठेकेदाराशी 30 चौरस मीटर अंगण, 18 मिमी जाडीचा थर, युव्ही स्टेबल (उन्हाने पिवळं न पडणारं) रेझिन, असं ठरलेलं. 40 टक्के रक्कम बुकिंगला दिली, 35 माल उतरल्यावर, 20 काम चालू असताना "मजुरांना द्यायचेत" म्हणून. 95 टक्के त्याच्या खिशात, आणि आज अंगणात अनवाणी गेलं की तळव्याला खडे चिकटून येतात. ही माणसं कशी गोड बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे.

मला कळायला हवं होतं ते पहिलं पोतं फोडलं तेव्हाच. मी स्वतः मूठभर खडे उचलले, हात ओला झाला, बोटांना गाळ लागला. विचारलंही, अहो हे ओले आहेत ना? तर म्हणाला, रेझिन पाण्यालाही धरतं, काळजी नको. आणि मी गप्प बसलो! पॉलियुरेथेन रेझिनला ओल लागली की गॅस सुटून फेस येतो, पांढरट पडतं, पकड जाते, म्हणून खडे भट्टीत सुकवलेलेच लागतात, हे नंतर कळलं. आता म्हणाल आधी वाचायचं ना, पण तीन कोटेशनं घेतली होती, फोटो मागितले होते, हा सगळ्यात स्वस्तही नव्हता, आणखी काय करायचं माणसाने? (फोटोंवर जाऊ नका, दोन वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं काम जाऊन बघा, त्यावर बादलीभर पाणी ओता, खाली झिरपलं पाहिजे.)

दोन महिन्यांत सगळं पिवळं पडलं, कडा सुटल्या. सुटलेला तुकडा पट्टीने मोजला, 9 मिमी! 18 मिमीला चौरस मीटरमागे साधारण 30 किलो खडे, म्हणजे 900 किलो, आणि 100 किलोला 7 किलोच्या आसपास रेझिन, म्हणजे 60 किलोच्या वर. मुलीने काढलेल्या व्हिडिओत रेझिनचे साडेसात किलोचे चारच सेट दिसतात, हार्डनरसकट (रेझिन घट्ट करणारा भाग धरून) 30 किलो. अर्धाच माल घातला.

पोलीस म्हणे काम तर झालंय, मग फसवणूक कुठे, हा दिवाणी मामला. व्हिडिओ बघितलासुद्धा नाही. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात म्हणे बिलावर जाडी कुठे लिहिलीय? खरंच नाही, नुसतं "पेबल फ्लोअरिंग" लिहिलंय, तुम्ही जाडी आणि रेझिनचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नका. मग म्हणे तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा, तोही माझ्याच खर्चाने, आणला तर साहेब रजेवर, परत गेलो तर फॉर्म बदललाय. चार फेऱ्या झाल्या, पावतीवर नंबरसुद्धा नाही. मग माणसाने जायचं कुणाकडे?

आणि कॅनच्या लेबलचे फोटो तिथेच काढा, रिकामे कॅन आपल्याकडे ठेवा. त्याने जाताना सगळे कॅन गाडीत भरून नेले, आणि जागा साफ करून दिली म्हणून मी त्याचे आभार मानले.