शेवट फसलेल्या दोन मालिका: ‘एरागॉन’ की ‘डार्क टॉवर’?

दोन्ही मालिकांच्या शेवटच्या पुस्तकावर वाचक नाराज आहेत, हे तुमच्या कानावर आलंच असेल. तरीही एक घ्यायचीच असेल तर प्रौढ वाचकाने स्टीफन किंगची ‘द डार्क टॉवर’ घ्यावी. घरात तेरा-चौदा वर्षांचं वाचणारं मूल असेल, तर क्रिस्टोफर पाओलिनीची एरागॉनची चार पुस्तकं आणावीत. (पुढे खलनायकांचं काय होतं ते येणार आहे. कथा फुटलेली चालत नसेल तर एवढ्यावर भागवा.)

पाओलिनीने पंधराव्या वर्षी ‘एरागॉन’ लिहायला घेतलं. २००२ मध्ये घरच्यांनीच ते छापलं आणि पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने उचललं. तीन पुस्तकांचा बेत होता, झाली चार. चौथं ‘इन्हेरिटन्स’ २०११ चं, आठशेच्या वर पानांचं. त्याची अडचण अशी, की खलनायक राजा गॅल्बटोरिक्स पहिल्या तीन पुस्तकांत जवळजवळ समोर येतच नाही, फक्त त्याचा दरारा वाढत जातो. इतका वाढतो, की कथेचा नायक एरागॉनने काहीही शिकून त्याचा निभाव लागणं शक्य नाही. मग एका ओसाड बेटावर ड्रॅगनांच्या आत्म्यांचा लपवलेला साठा सापडतो. त्याची खूण पहिल्या पुस्तकात पेरलेली आहे, हे मान्य. पण वाचताना वाटतं ते असंच, की लेखकाने मागच्या दाराने कुमक आत घेतली. निर्णायक क्षणी राजाला त्याने इतरांना दिलेलं सगळं दुःख जाणवायला लावलं जातं. कल्पना सुरेख आहे, पण चार पुस्तकं चाललेला तलवारीचा सराव आणि एरागॉनचा चुलतभाऊ रोरनचे एकामागून एक वेढे यांचं त्यात फारसं काम उरत नाही. त्यानंतरची आवराआवर लांबते. एरागॉन कायमचा देश सोडतो. तसं भाकीत पहिल्याच पुस्तकात असल्याने ती फसवणूक नाही. पण सोबत सफिरासारखी ड्रॅगन असताना परत कधीच का येता येऊ नये, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

किंगच्या चुका याहून ढोबळ आहेत. मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘द गनस्लिंगर’ १९८२ चं, शेवटचं सातवं पुस्तक २००४ चं. मध्ये १९९९ साली रस्त्याने चालताना एका व्हॅनने त्याला उडवलं. त्यातून उठल्यावर शेवटची तीन पुस्तकं वर्षभराच्या आत बाहेर आली, आणि ती घाई दिसते. किंग स्वतःच पात्र होऊन कथेत शिरतो, त्याचा अपघातही कथेत येतो. अनेकांना इथेच वीट येतो. ज्याच्या नावाने इतकी भीती घातली, तो खलनायक क्रिमझन किंग सज्जात उभा राहून आरडाओरडा करणारा वेडा म्हातारा निघतो, आणि एक चित्रकार मुलगा त्याचं चित्र काढून खोडरबराने पुसून टाकतो. खोडरबराने! मला हसू आलं, आणि तिथे हसू यावं असा लेखकाचा इरादा नक्कीच नव्हता.

तरी मी किंगच्या बाजूने आहे. या मालिकेचा खरा प्रश्न खलनायक कसा मरतो हा नाहीच. मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी नायक रोलंड किती माणसं गमावायला तयार आहे, हा आहे. पहिल्या पुस्तकात तो सोबतच्या जेक या मुलाला दरीत पडू देतो, तिथपासून हा हिशेब सुरू होतो. शेवटच्या पुस्तकात सोबती एकेक करून जातात तेव्हा पानं जड होतात. आणि अगदी अखेरची काही पानं त्याच प्रश्नाला निष्ठुर, पण चोख उत्तर देतात. ते इथे सांगत नाही. त्या पानांआधी किंग वाचकाला थांबवून म्हणतो, समाधान हवं असेल तर पुस्तक इथेच मिटा. मिटू नका.

थोडक्यात, पाओलिनीचा शेवट आधीच्या पुस्तकांतली मेहनत हलकी करतो, किंगचा शेवट आधीच्या पुस्तकांना नवा अर्थ देतो. पण किंगला सबुरी लागते. पहिलं पुस्तक रुक्ष आहे, पुढे हिंसा आणि लैंगिक प्रसंग आहेत, मुलांच्या हाती देण्यासारखं नाही. एरागॉन आणि सफिराचं मनातल्या मनात चालणारं बोलणं मात्र कोणत्याही वयात वाचावं. तेराव्या वर्षी तर खोडी काढत बसायला सवडच नसते, एरागॉनने आर्याचा, त्याला आवडणाऱ्या एल्फ युवतीचा, घेतलेला निरोप वाचून रडू येतं.

अर्ध्यावर सोडायची मुभा हवी असेल, तर पाओलिनीच्या तिसऱ्या पुस्तकापाशी, ‘ब्रिसिंगर’पाशी, थांबता येत नाही, युद्ध चालूच असतं. किंगचं तिसरं पुस्तक तर ऐन कोड्यांच्या डावात तोडलंय. पण चौथ्यानंतर, म्हणजे ‘विझर्ड अँड ग्लास’ संपवून, खुशाल थांबा. तरुण रोलंडची ती प्रेमकहाणी हे माझ्या मते मालिकेतलं सर्वोत्तम पुस्तक आहे.

‘द गनस्लिंगर’ जुन्या बाजारात घेणार असाल तर आवृत्तीचं साल बघा. २००३ मध्ये किंगने ते दुरुस्त करून पुढच्या पुस्तकांशी जुळवून घेतलं. त्याआधीची प्रत स्वस्त मिळाली तरी पहिल्या वाचनाला नको. २०१२ चं ‘द विंड थ्रू द कीहोल’ कथाक्रमाने चौथ्या-पाचव्याच्या मध्ये बसतं, पण सातवं संपल्यावर वाचलं तरी काही बिघडत नाही.