ठोसा खांद्यावर घ्यायचा, की पावलाने चुकवायचा?

बॉक्सिंगमध्ये ८१ किलोच्या वजनगटात खेळत होतो तोवर बचावाचा मी कधी फारसा विचार केला नाही. दोन्ही ग्लोव्हज गालाला, हनुवटी आत, एवढ्यावर निभावायचं. ९१ किलोत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की गार्डवर अडवलेला ठोसाही इथे लागतो. समोरचा मारतो आपल्या ग्लोव्हवर आणि आपलाच ग्लोव्ह आपल्या नाकावर आदळतो. वरच्या गटात जाणारी पोरं आता मला विचारतात, ‘दादा, कुठला बचाव घोटू?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक अमेरिकन बॉक्सर जेम्स टोनीचा शोल्डर रोल, म्हणजे ठोसा खांद्यावर घेऊन घसरवायचा. दुसरी युक्रेनच्या हेवीवेट व्लादिमिर क्लिच्कोची: डावा हात लांब, अर्धं पाऊल मागे, आणि गडी अगदीच अंगावर आला तर क्लिंच, म्हणजे मिठी मारून त्याचे हात अडकवायचे. तिसरी माइक टायसनची पिकाबू, म्हणजे मुठी तोंडाशी धरून डोलत आत घुसायचं, ती होती, पण तिला सतत वाकून-उठून मांड्यांची जी वाट लागते ती विशीत परवडते. टायसन जगज्जेता झाला तेव्हा वीस वर्षांचाच होता. मी तिशीला टेकलेलो. सोडून दिली.

टोनी बघायला लागलं की बाकी कुणी बघवत नाही, हे आधीच कबूल करतो. १९९१ मध्ये मिडलवेटचा विजेता झालेला हा माणूस २००३ च्या एप्रिलमध्ये त्याहून बऱ्याच वरच्या क्रूझरवेट गटात वासिली जिरॉव्हला हरवतो आणि त्याच ऑक्टोबरात सगळ्यात वरच्या हेवीवेट गटात माजी जगज्जेत्या होलिफील्डला नवव्या फेरीत थांबवतो. उंची पाच फूट दहा इंच, पोट सुटलेलं, पाय जवळजवळ जागेवर. समोरच्याचा उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, आला की टोनीचा डावा खांदा वर, कंबर जराशी उजवीकडे, ठोसा खांद्यावरून घसरून मागे. आणि त्याच वळणातून त्याचा उजवा हात परत येतो. मागे सरकायचंच नाही, त्यामुळे उलट मारायला अंतर कायम हाताशी.

आठ-नऊ महिने मी हेच घोटलं. जमायलाही लागलं होतं. एका संध्याकाळी पंच्याण्णव किलोच्या एकाबरोबर तीन फेऱ्या स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, झालं. एकही ठोसा तोंडावर स्वच्छ बसला नाही, कोच खूश. गाडी काढली, पहिल्या सिग्नलला क्लच दाबायला गेलो तर डावी बोटं वळतायत, पण जोरच नाही. गाडी आचका देऊन बंद. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि मी उजव्या हाताने डावा दंड चोळत उभा. घरी येऊन शर्ट काढला तर खांद्यापासून कोपरापर्यंत काळंनिळं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. साठ किलोच्या पोराचा क्रॉस खांद्यावरून घसरतो, पण वजनदार माणसाचा घसरता घसरताही दंडात उतरतो. आणि ज्या हाताची ढाल करायची त्याच हाताने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारायचा असतो. तिसऱ्या फेरीत माझा जॅब पोस्टात टाकलेल्या पत्रासारखा निघायचा, पोचला तर पोचला. बचाव करून हात मरत असेल तर त्या बचावाचं करायचं काय? टोनीला हे कसं जमायचं? मला वाटतं, तो ठोशाचा जोर पुरा व्हायच्या आत खांदा लावायचा. ती नजर मला नव्हती. कदाचित तुम्हाला असेल.

क्लिच्को मात्र कंटाळवाणा. २०१३ ची मॉस्कोतली पोवेत्किनशी लढत मी दोन बैठकांत बघून संपवली. पोवेत्किन चार वेळा खाली गेला तरी लक्षात राहतं ते क्लिच्कोचं त्याच्या मानेवर रेलणं आणि ढकलणं. अकराव्या फेरीत त्याचा एक गुण कापला गेला तो त्यासाठीच. पण हा बचाव आला कुठून ते बघा. २००३ मध्ये कॉरी सँडर्सने त्याला दोन फेऱ्यांत चारदा पाडलं, २००४ मध्ये लेमन ब्रुस्टरपुढे तो पाचव्या फेरीत कोसळला. आपली हनुवटी भरवशाची नाही हे पक्कं कळलेल्या माणसाचा हा बचाव आहे. त्याचे कोच इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी तो त्याच्या अंगी मुरवला आणि त्यानंतर २०१५ मध्ये टायसन फ्युरीशी गाठ पडेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, तो हरला नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या हनुवट्या त्याच्याच जातीच्या असतात, फक्त आपण ते मान्य करत नाही.

दोघांना एकाच मापाने मोजायचं तर सॅम्युअल पीटर आहे. प्रचंड मारणारा नायजेरियन. २००५ मध्ये त्याने क्लिच्कोला तीनदा पाडलं, तरी क्लिच्को गुणांवर जिंकला. २०१० मध्ये त्यालाच दहाव्या फेरीत संपवलं. टोनी पीटरशी दोनदा लढला, २००६ आणि २००७, दोन्ही वेळा गुणांवर हरला. टोनी तेव्हा अडतिशीचा आणि वजनाने सुटलेला होता, त्यामुळे ही तुलना थोडी अन्यायाची, हे मान्य. पण तीच मला पटली.

‘क्लिच्को साडेसहा फूट, आम्ही कुठे?’ हे हमखास विचारतात. युक्रेनचा हेवीवेट उसिक बघा. जोशुआ आणि फ्युरी हे ब्रिटिश हेवीवेट दोघेही त्याच्याहून उंच, दोघांनाही त्याने दोन-दोनदा हरवलं, ते मुख्यतः पायांवर. उंची असली तर उत्तमच, पण अर्धं पाऊल वेळेवर मागे जाणं जास्त कामाचं. मात्र क्लिंचचा भाग वजा करा, हौशी लढतीत रेफ्री मिठी लगेच सोडवतो आणि ताकीद देतो. शिवाय रिंग लहान असेल तर दोन पावलांत पाठीला दोर लागतो, आणि पहिले दोन महिने पोटऱ्या रात्री झोपू देत नाहीत. हे सगळं सोसायची तयारी नसेल, तुम्ही बुटके-रुंद असाल आणि नजर तेज असेल, तर शोल्डर रोलला मी नाही म्हणणार नाही.

मी स्वतः दोरावर अडकलो की अजूनही खांदा काढतो, आणि शनिवारी हलक्या गटातल्या पोरांबरोबर तर हौसेने काढतो. नव्वदच्या वरचा कुणी रिंगमध्ये चढला की मात्र मागचा पाय आपोआप मोकळा होतो.