केमोथेरपीच्या जोडीला काय: चालणे की काढा?

खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात उपचार घेणाऱ्यांच्या घरी दोन सल्ले हमखास पोहोचतात: रोज थोडे चाला, आणि गुळवेलीचा काढा सुरू करा. दोन्ही सल्ले मायेने दिलेले असले, तरी त्यांना एका मापाने मोजता येत नाही.

चालण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या 889 रुग्णांच्या, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी 80 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. केवळ आरोग्यविषयक पुस्तिका मिळालेल्या गटात हे प्रमाण 74 टक्के होते. उपचारांदरम्यानचा थकवाही व्यायामाने कमी होतो, म्हणून झेपेल तेवढे, तलावपाळीला एक फेरी का होईना, चालावे असे मी आग्रहाने सांगेन. अर्थात हाडांत रोग पसरला असेल किंवा रक्तातील प्लेटलेट घटल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

काढ्याचे तसे नाही. केमोची अनेक औषधे यकृतातच विघटित होतात, आणि गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये केली आहे. जेवणातल्या हळदीला हरकत नसते. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांत मात्र मात्रा कितीतरी अधिक असते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या धोक्याच्या ठरू शकतात. काढा आधीच सुरू असेल, तर रागावतील या भीतीने तो लपवू नये. बाटली किंवा पाकीटच पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावे.