'24 तासांत खत' वालं मशीन, दोन वर्षं वापरून मग बंद केलं

पुण्यात आमची 140 फ्लॅटची सोसायटी, ओला कचरा जागेवरच जिरवायचा म्हणून '24 तासांत खत' देणारं मशीन घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रॉब्लेम या पद्धतीतच आहे, आणि सध्या बऱ्याच कमिट्या कोटेशन मागवतायत म्हणून मुद्दाम लिहितेय.

आत हीटर असतो आणि फिरणारी पाती, कचरा तापवून पाणी उडवतात, बारीक करतात, दुसऱ्या दिवशी कॉफीसारखी तपकिरी भुकटी बाहेर. दिसायला अगदी खत. पण ती वाळवलेली भाजी आहे हो, खत नाही! जिवाणूंनी कचरा खायचा, ढीग तापायचा, थंड व्हायचा, मग मुरायचा, याला आठवडेच लागतात. माळीकाकांनी ती भुकटी कुंड्यांत घालून पाणी दिलं तर चार दिवसांत बुरशी, वास, चिलटं, आणि जास्वंदीची पानं पिवळी पडली कारण अर्धवट कचरा मातीत कुजायला लागला की जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात. शेवटी ती सगळी भुकटी वेगळी कुजवत ठेवली, म्हणजे आधी वीज जाळून पाणी काढलं आणि नंतर नळाचं पाणी घालून तेच काम परत पहिल्यापासून.

2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक धरलं, तेव्हापासून सोसायट्यांवर प्रेशर आलं आणि झटपट उत्तर म्हणून ही मशीन खपली. घेणार असालच तर आधी बाहेर पडणाऱ्या मालाचा लॅब रिपोर्ट मागा. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टचा (शहरी कचऱ्यापासूनच्या खताचा) सी:एन रेशो, म्हणजे नायट्रोजनच्या किती पट कार्बन आहे तो आकडा, 20 च्या आत लागतो. आमच्या विक्रेत्याने शेवटपर्यंत रिपोर्ट दिला नाही.

आता त्याच शेडमध्ये जाळीचे क्रेट आहेत. चिरलेला ओला कचरा, साधारण तेवढाच वाळका पाला, वर आंबट ताक आणि शेणाचा काला, आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. ढीग 55-60 डिग्रीला जातो, त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मूठ दाबली की हात ओलसर लागला पाहिजे पण पाणी गळायला नको, एवढं जमलं की वास येत नाही. दीड-दोन महिन्यांनी चाळलं की मऊ काळं खत, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास.

त्रासही आहे. माणूस लागतो, मशीनच्या लाइट बिलाचे आणि मेंटेनन्सचे पैसे आता क्रेट बघणाऱ्या ताईंच्या पगारात जातात आणि मला ते फार बरं वाटतं. त्यांना हातमोजे, मास्क, हात धुवायला साबण-पाणी दिलंच पाहिजे, आणि डायपर किंवा सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात टाकणाऱ्याला कमिटीने तिथल्या तिथे बोललं पाहिजे. नारळाच्या करवंट्या, कोयी लवकर कुजत नाहीत, त्या चाळणीवर राहतात, परत नव्या थरात टाकायच्या.

सगळ्यात जास्त अडतं ते पावसाळ्यात. तेव्हा सुका पाला मिळत नाही आणि ढीग चिकट होतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आवारातला पाला पोत्यात भरून ठेवा, तो जाळणं तर बंदच करा. आम्ही यंदा 60 पोती भरलीत, शेडच्या मागे कोरड्या जागी रचून ठेवलीत.