यामाहा बीबी४३४: पहिल्या बेसनंतरचा दुसरा

पहिला बेस (म्हणजे बेस गिटार) बदलावासा वाटतो तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात. तारा उंच आहेत, बोटं दुखतात. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सूर चढतो. बँडमध्ये वाजवायला लागलं की आपला आवाज कुठेतरी बुडून जातो. पहिल्या दोन तक्रारींसाठी नवा बेस घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तिसरीत दोष पुष्कळदा बेसचा नसतो, ॲम्प्लिफायरचा असतो. हे सगळं वजा करूनही मन भरत नसेल, तर यामाहाचा बीबी४३४ हा विचार करण्यासारखा बेस आहे.

पण आधी जुना बेस नीट सेट करा, नाहीतर तुलनाच खोटी ठरते. ४५–१०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) नव्या तारा चढवा आणि सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार (सगळ्यात जाड) दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. ती ०.३ मिमीच्या आसपास हवी. ०.७–०.८ मिमी भरली तर नेक (बेसची मान) तारांच्या ओढीने पुढे झुकलाय. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा मोजायचं. रॉड अडतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. जोर लावून रॉड तुटला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीला सहज गाठतो.

मग सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची, उंची. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.५ मिमी आणि जी तारेखाली (सगळ्यात बारीक) २ मिमी ही बहुतेक हातांना चालणारी मापं आहेत. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. क्रम बदलू नका: नेक हलला की उंची बदलते, उंची बदलली की सूर बदलतो. आणि हे जुन्या तारांवर करू नका. घाम-मळ बसलेली तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, त्यामुळे ट्यूनरचा काटा काहीही दाखवतो.

एवढं करूनही जे उरतं ते खरं दुखणं. एखाद-दुसरा फ्रेट बाकीच्यांपेक्षा उंच असतो आणि त्याच्या आधीच्या फ्रेटवर दाबलं की तार खरखरते. नेक जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथे फिंगरबोर्डला उंचवटा येतो; मग ॲक्शन (तारांची उंची) खाली आणली की चौदाव्या फ्रेटच्या पुढे सगळंच खरखरतं. जोडाची खाच सैल असली की नेक बाजूला सरकतो आणि जी तार फिंगरबोर्डच्या कडेवरून निसटायला लागते. खुंट्या, ब्रिज, पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक-वेटोळं) हे सगळं बदलता येतं, पण सुटे भाग आणि मजुरी यांची बेरीज दुसऱ्या बेसच्या जवळ पोचते आणि विकताना त्यातलं काहीच परत येत नाही. नेक तर बदलण्यात अर्थच नसतो. म्हणून दुसरा बेस निवडताना आधी नेक पाहायचा, मग जोड, मग बाकीचं. रंग सगळ्यात शेवटी, दुकानात हे कितीही अवघड असलं तरी.

बीबी४३४ ची बाजू इथेच भक्कम आहे. बीबी ही मालिका १९७७ पासूनची; हे मॉडेल २०१७ मध्ये आलं. त्याच घरातला धाकटा बीबी२३४ नवशिक्यांसाठी आहे आणि कागदावर दोघं सख्खे भाऊ वाटतात: आल्डर लाकडाची बॉडी, ३४ इंच स्केल (तारेची कंपणारी लांबी), एक पी आणि एक जे पिकअप (फेंडरच्या प्रिसिजन आणि जॅझ बेसच्या धर्तीचे), बॅटरी नाही. जास्तीचे पैसे जातात ते न दिसणाऱ्या जागी. ४३४ चा नेक मेपल आणि महोगनीच्या पाच पट्ट्या चिकटवून केलेला आहे. वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रेषा एकमेकींना आवरतात, त्यामुळे हवा दमट-कोरडी होताना असा नेक एकसंध लाकडापेक्षा कमी डोलतो आणि पिळण्याचा धोकाही कमी. नेकचा जोड सहा स्क्रूंचा आहे. त्यातले दोन तिरके बसवलेले असून ते नेकला नुसतं खाली दाबत नाहीत, बॉडीच्या भिंतीकडे ओढून धरतात. दुकानात हे तपासता येतं: बेस मांडीवर घ्या, हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांकडचं टोक) हलकेच वर-खाली ढकला आणि ई व जी तारांचं फिंगरबोर्डच्या कडेपासूनचं अंतर बघत राहा. सैल जोडाच्या बेसवर ते डोळ्यांदेखत बदलतं. इथे बदलू नये. बदललं तर तो नग परत द्या.

एका गोष्टीवर मात्र जाहिराती वाचून विश्वास ठेवू नका. पाच पट्ट्यांच्या नेकमुळे मेलेल्या जागा नाहीशा होत नाहीत, फार तर इकडेतिकडे सरकतात. बोल्ट-ऑन (स्क्रूंनी नेक जोडलेल्या) बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो, कारण नेकचं स्वतःचं कंपन त्या सुराची ताकद शोषून घेतं. चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर ॲम्प्लिफायरशिवाय वाजवून तो मरेपर्यंत ऐका. एका मॉडेलच्या दोन नगांत इथे फरक निघतो, म्हणून शक्य असेल तर दोन नग मागवून त्यातला निवडा.

नटपाशी (खुंट्यांकडच्या, तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) नेक ४० मिमी रुंद आहे. पी बेसच्या साधारण ४१ मिमीपेक्षा बारीक, जे बेसच्या ३८ मिमीपेक्षा भरदार. ३८ मिमीच्या नवशिक्या बेसवरून येणाऱ्याच्या डाव्या हाताला पहिले काही दिवस पहिल्या चार फ्रेटवर ताण जाणवेल. त्यात वाईट काही नाही, तारांमधली मोकळी जागा उजव्या हाताला बरी पडते. फ्रेट २१ आहेत. सोलोसाठी २४ फ्रेट हवे असणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

आवाजाबद्दल बोलायचं तर हा बेस पी पिकअपसाठी घ्यायचा. जे पूर्ण बंद, पी पूर्ण उघडा, टोन निम्म्यावर: गिटार आणि ड्रम्सच्या मध्ये बरोबर बसणारा, मधल्या पट्टीत ठासून भरलेला आवाज मिळतो. बँडमध्ये बुडण्याची तक्रार बहुतेक इथेच मिटते. जे पिकअप ब्रिजच्या जवळ असल्याने बारीक, धारदार आणि नाकातला आवाज देतो. एकटा क्वचित उपयोगी, पण पीमध्ये थोडा मिसळला की बोटांचा आघात स्पष्ट होतो.

मिसळण्याची तऱ्हा शिकावी लागते. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन पिकअप समांतर जोडले जातात, मधल्या काही कंपनसंख्या एकमेकींना खातात आणि आवाज उलट पोकळ व किंचित हळू वाटतो. एक व्हॉल्यूम थोडासा मागे घेतला की मधला भाग परत येतो. फिरवण्याच्या पहिल्या दहा टक्क्यांतच सगळा खेळ आहे. दुकानात दोन्ही नॉब पूर्ण उघडून "यात काही दम नाही" म्हणत बेस खाली ठेवणारे लोक याच जागी फसतात.

आता दोष. पहिला दोष गुणगुणीचा. पी पिकअप दोन तुकड्यांचा असतो आणि त्यांची गुंडाळी उलटसुलट असल्याने विजेच्या तारांतून येणारी घूंऽ तो स्वतःच रद्द करतो. जे पिकअपला असा जोडीदार इथे नाही. दोन जे पिकअप असलेल्या बेसवर दोन्ही सारखे उघडले की घूंऽ जाते. पी-जे जोडीत जे जितका उघडाल तितकी ती ऐकू येते. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून चरचर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी मूळ गुणगुण त्याने जात नाही. स्टुडिओत जे बराच वापरणार असाल तर त्याच आकाराचा, हम रद्द करणारा पिकअप बसवणं हाच उपाय.

दुसरी अडचण तारांची. इथे तारा बॉडीच्या आतून, पाठीमागून ४५ अंशांच्या तिरक्या वाटेने येतात. त्यामुळे सॅडलवर तार काटकोनात मोडत नाही, ही कल्पना चांगलीच आहे. पण तारेची लांबी जास्त लागते. नेहमीचा लाँग स्केल संच विकत आणला आणि तो तोकडा निघाला, तर तारेच्या टोकाचा निमुळता किंवा रेशीम गुंडाळलेला भाग नटवर किंवा त्याच्याही आत येतो. मग ती तार बोदा आवाज देते आणि सूर धरत नाही. जुनी ई तार काढली की पाठीच्या भोकातल्या गोळीपासून नटपर्यंतची लांबी तिच्यावरच खुणेने मोजून ठेवा आणि कंपनीने दिलेल्या गुंडाळीच्या लांबीशी ताडून पाहा. मोजमाप काठावरचं असेल तर एक माप लांब संच घ्या. खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील इतकीच तार ठेवून कापा, आणि कापण्याआधी जिथे कापणार तिथून थोडं अलीकडे तार काटकोनात मोडून घ्या, नाहीतर आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सुटते.

तिसरी गोष्ट दोष नाही, पण माहीत असलेली बरी: हा पूर्ण पॅसिव्ह बेस आहे. खालचे-वरचे स्वर वाढवायला आत काही नाही, टोन फक्त वरचा भाग कापतो. उरलेलं काम ॲम्प्लिफायरचं. खुल्या ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ आहे. आठ इंची स्पीकरचा सरावाचा छोटा ॲम्प्लिफायर ती धड देतच नाही, आपण वरचे स्वर ऐकून खालचा स्वर मनाने भरतो. अशा डब्यावर २३४ आणि ४३४ यांतला फरक शोधू नका. चांगल्या हेडफोनवर किंवा दहा-बारा इंची स्पीकरवर, सगळे नॉब मध्यावर ठेवून, दोन्ही बेसवर एकाच जाडीच्या नव्या तारा लावून ऐका.

घरी आल्यावर वर दिलेलं सेटिंग यालाही करायचंच. कारखान्यातून ॲक्शन सहसा थोडी उंच ठेवलेली असते. त्यानंतर शेवटचा फ्रेट दाबून पिकअपची उंची लावा: पी पिकअप ई तारेपासून ३ मिमी, जी तारेपासून २.५ मिमी, जे पिकअप त्यापेक्षा अर्धा मिमी जवळ. फार जवळ आणलात तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर एकाच सुरात दोन सूर डोलताना ऐकू येतात. मोठा आवाज हवा म्हणून स्क्रू पिळत बसणाऱ्यांना हा रोग हमखास होतो.

बारीक नेक, २४ फ्रेट आणि बेसवरच तीन पट्ट्यांचा इक्वलायझर हवा असेल तर आयबानेझ एसआर३०० ई बघा. नट ३८ मिमीचा आहे, मात्र ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल खोचून ठेवली की ती वाजवत नसतानाही उतरत राहते. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) हे मुख्य काम असेल तर दोन सिंगल कॉइलचा जे पद्धतीचा बेस ४३४ पेक्षा सोयीचा. आणि आधीचा बेस बीबी२३४च असेल, त्याचे फ्रेट सपाट असतील आणि जोड घट्ट असेल, तर ४३४ कडे उडी मारू नका. त्यात चांगले पी-जे पिकअप बसवून घ्या, उरलेल्या पैशांत ॲम्प्लिफायर बदला.