‘अस्सल’ या एका शब्दावर झालेली माझी फसवणूक

महागड्या डिझायनर हँडबॅगांच्या व्यवहारात आपण फसलो असे कोणी सांगू लागले, की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच नकली माल येतो. माझी बॅग नकली नव्हती. ती शनेल या फ्रेंच कंपनीचीच होती, हे नंतर दोन वेगवेगळ्या जाणकारांनी हातात घेऊन, तपासून सांगितले. तरीही गुंतवणूक म्हणून तिच्यात घातलेल्या रकमेचा निम्म्याहून बराच मोठा भाग मी गमावून बसले आहे. नकली बॅग कशी ओळखावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. खऱ्या बॅगेत फसवणूक कशी होते हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

विकणारे गृहस्थ वापरलेल्या डिझायनर बॅगांची खरेदी-विक्री करणारे दलाल होते आणि ओळखीतल्या ओळखीतून माझ्यापर्यंत आले होते. त्यांचे बोलणे उथळ नव्हते. कंपनीच्या संस्थापक गॅब्रिएल शनेल यांनी फेब्रुवारी १९५५ मध्ये आणलेली बॅग त्या महिन्यावरून आणि सालावरून ‘२.५५’ या नावाने कशी ओळखली जाते, १९८३ मध्ये डिझायनर कार्ल लागरफेल्ड कंपनीत आल्यावर त्याच घडणीच्या बॅगेला एकमेकांत अडकलेल्या दोन ‘सी’ अक्षरांचे कुलूप आणि चामड्याची पट्टी ओवलेली साखळी कशी मिळाली, हे ते तारीखवार सांगत. त्यात खोटे काहीच नव्हते, आणि इतिहास खरा निघाला म्हणून हिशोबही खराच असेल असे मी धरून चालले. “ताई, ही वापरायची वस्तू समजू नका, ही ठेव समजा,” हे त्यांचे वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते. मी माझी एक मुदत ठेव मोडली, ती त्यानंतर.

त्यांनी पुढे केलेला सर्वात वजनदार आकडा एर्मेस कंपनीच्या बर्किन बॅगेचा होता. बॅगांच्या पुनर्विक्रीत असलेल्या बॅगहंटर या संकेतस्थळाने २०१६ साली असा अहवाल काढला होता, की बर्किनची किंमत ३५ वर्षांत ५०० टक्क्यांनी, म्हणजे दरसाल सरासरी १४.२ टक्क्यांनी वाढली, आणि तिने सोन्याला व शेअर बाजारालाही मागे टाकले. मी तेव्हा कागद-पेन घेऊन बसले नाही, नंतर बसले. ५०० टक्के वाढ म्हणजे सहापट, आणि ३५ वर्षांत सहापट होण्यासाठी चक्रवाढीने दरसाल सव्वापाच टक्केच पुरतात. १४.२ टक्के हा ५०० ला ३५ ने भागून आलेला आकडा आहे. त्या दराने चक्रवाढ झाली असती, तर किंमत शंभरपटीच्या पुढे गेली असती. मुदत ठेवीचा दर चक्रवाढीने सांगितला जातो आणि बॅगेचा असा भागाकाराने, मग दोन्ही शेजारी ठेवून बॅग सरस ठरवली जाते. बर्किन १९८४ मध्ये आलेली असूनही २०१६ मधल्या अहवालात ३५ वर्षे कुठून आली, हा प्रश्नही मला तेव्हा पडायला हवा होता.

दुसरा मुद्दा शनेलने स्वतः वाढवलेल्या किमतींचा होता आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. मध्यम आकाराच्या क्लासिक फ्लॅप बॅगेची, म्हणजे दोन ‘सी’ कुलपाच्या त्याच बॅगेची, अमेरिकेतील दुकानातली किंमत २०१९ अखेर ते २०२३ या काळात सुमारे पावणेदोनपट झाली. मात्र कंपनी नवी बॅग ज्या किमतीला विकते ती किंमत आणि आपली जुनी बॅग हातात घेऊन कोणी आपल्याला जे पैसे देईल ती रक्कम, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मधल्या अंतरात दलाली असते, बॅगेची अवस्था असते आणि त्या दिवशी गिऱ्हाईक आहे की नाही हेही असते. विक्रीसाठी मांडलेल्या बॅगेवरचा आकडा म्हणजे विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. व्यवहार किती रकमेला झाला हे त्यावरून कळत नाही. असे मांडलेले आकडे पाहून मी भाव ठरला असे मानत होते.

२०२३ च्या मध्यास मी बॅग घेतली. काळी, कोकराच्या मऊ चामड्याची, चौकडीदार शिवणीची, सोनेरी साखळीची. आतल्या चिकटपट्टीवर तीनने सुरू होणारा सात अंकी क्रमांक होता, म्हणजे १९९४ ते १९९६ च्या सुमाराची बॅग. त्या काळच्या शनेलच्या सोनेरी कड्या-साखळ्यांवर २४ कॅरेट सोन्याचा मुलामा असे, आणि २००८ च्या सुमारास तो बंद झाल्यामुळे जुन्या बॅगांना अधिक मागणी असते, हेही त्यांनी सांगितले. बॅग इतकी तकतकीत होती, की पेटीतून काढताना माझा श्वास क्षणभर थांबला. जवळजवळ तीस वर्षांची वस्तू, आणि कोपऱ्यावर एक पांढरी रेघ नाही, साखळी जिथे टेकते तिथे दाब नाही. ज्या गोष्टीने मला शंका यायला हवी होती, तिच्यामुळेच माझा विश्वास बसला. सोबत एका त्रयस्थ तपासनिसाचे प्रमाणपत्र होते आणि त्यावर ठळक शब्दांत ‘अस्सल’ असे लिहिले होते. “रंग मूळचाच आहे ना?” असे मी विचारले होते, परंतु फोनवर. “अगदी मूळचा,” असे उत्तर मिळाले. वर्षभरानंतर केव्हाही बॅग परत घेऊ, असे आश्वासनही त्यांनी दिले.

दीड वर्षाने घरात पैशांची निकड निर्माण झाली, म्हणून मी बॅग बाहेर काढली. या काळात ती मी एकदाही खांद्याला लावलेली नव्हती. झाकण जिथे दुमडते त्या रेषेवर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, जुन्या तेलरंगाच्या दाराला पडतात तशा. चामडे सुरकुतते, झिजते, फिके पडते. त्याच्यावरून पापुद्रा सुटताना मी कधी पाहिला नव्हता. त्या गृहस्थांना छायाचित्रे पाठवली, तेव्हा “सध्या बाजार मंद आहे” असे सांगून त्यांनी मूळ रकमेच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक रक्कम देऊ केली.

मग मी ती एका जाणकार बाईंकडे नेली. त्यांनी क्रमांकाकडे शेवटी पाहिले. आधी त्यांनी डोळ्याला भिंग लावून शिवणीचा एकच टाका बराच वेळ न्याहाळला आणि भिंग माझ्या हातात दिले. सुई जिथून आत जाते ती छिद्रे रंगाने बुजलेली होती; दोऱ्याचा पीळ दिसत नव्हता, दोरा आणि चामडे एकाच सपाट काळ्या थराखाली गेले होते. नंतर त्यांनी कापसाची काडी किंचित ओली करून बॅगेच्या तळाच्या कडेवर अलगद फिरवली. काडीचे टोक काळे झाले. कुलपावरचा मुलाम्याचा बारीक शिक्काही जवळजवळ पुसट झालेला होता, कारण कड्या घासून त्यांच्यावर नवा मुलामा चढवलेला होता. “बॅग खरी आहे हो,” त्या हळुवारपणे म्हणाल्या, “पण हिचा वरचा पृष्ठभाग आता शनेलचा राहिलेला नाही.”

वापरायची बॅग रंगवून घेण्यात गैर काही नाही. आपल्या आवडीची जुनी वस्तू पुन्हा नवी दिसावी असे कोणालाही वाटेल. गुंतवणुकीच्या बाजारात मात्र हिशोब निराळा असतो. तिथे पैसे मूळ अवस्थेचे मिळतात, आणि रंगवलेल्या बॅगेची मूळ अवस्था परत आणता येत नाही. बाहेरच्या माणसाने काम केलेली बॅग कंपनीच्या कारागिरांकडे दुरुस्तीसाठी नेली, तर ती सहसा स्वीकारली जात नाही. चोखंदळ खरेदीदार अशी बॅग नाकारतात, आणि जे घेतात ते ‘रंगवलेली’ असे स्पष्ट नोंदवून कमी भावाने घेतात. कोपरे पांढरे पडलेली, रंग न चढवलेली त्याच वयाची बॅग माझ्या बॅगेपेक्षा अधिक किमतीला गेली असती, असे त्या बाईंनी मला सांगितले, तेव्हा मला खरोखर रडू आले.

प्रमाणपत्र पुन्हा वाचले, तेव्हा त्यात चुकीचे एकही वाक्य सापडले नाही. ते छायाचित्रांवरून दिलेले होते, बॅग तपासनिसाच्या हातात गेलीच नव्हती, आणि त्यात केवळ खरेपणाविषयी मत होते. अवस्थेविषयी, रंगाविषयी, मुलाम्याविषयी अक्षरही नव्हते. पावतीवर ‘बाजारभावाने परत घेण्यात येईल’ असे होते, आणि तो बाजारभाव ठरवायचा तो विक्रेत्यानेच. मी रीतसर तक्रार केली आहे. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो रंगाबद्दल लेखी काय आहे हा, आणि त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे आताच लिहिण्याचे कारण असे, की जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात, जिच्यावरून बर्किन बॅगेला नाव मिळाले त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांची स्वतःची, पहिलीवहिली बर्किन बॅग सुमारे ८६ लाख युरोंना गेल्यापासून ‘बॅग हीच खरी गुंतवणूक’ असे सांगणारे निरोप माझ्या ओळखीतल्या बायकांनाही येऊ लागले आहेत. त्या लिलावात हातोडा ७० लाखांवर पडला होता, म्हणजे शेवटची बोली तेवढीच होती; त्याहून वरचे सुमारे १६ लाख हे खरेदीदाराने भरायचे शुल्क होते, विकणाऱ्याचे उत्पन्न नव्हे. शिवाय ती बॅग पुष्कळ वापरलेली, ओरखडलेली होती आणि त्या खुणांसकटच तिला ती किंमत आली, कारण त्या खुणा तिच्या मूळ मालकिणीच्या होत्या.

माझ्या मावसबहिणीलाही त्याच दलालांनी एक बॅग दाखवली होती. तिने मी सांगितल्याप्रमाणे एकच वाक्य लिहून पाठवले: “या बॅगेच्या चामड्याला नंतर रंग दिलेला नाही, कड्यांना नवा मुलामा दिलेला नाही, अस्तर बदललेले नाही, आणि यातील काहीही खोटे ठरल्यास पूर्ण रक्कम परत करण्यात येईल, असे पावतीवर लिहून द्यावे.” संदेश वाचल्याची खूण काही मिनिटांतच आली. उत्तर आले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती बॅग त्यांच्या यादीतून काढून टाकलेली होती.